मराठी वृत्तपत्रांतील पोलीस : बातमीचा उगम आणि प्रतिमेचा इतिहास

मराठी वृत्तपत्रसृष्टीने पोलिसांकडे कसे पाहिले, या प्रश्नाचे रूढ उत्तर दोन टप्प्यांत दिले जाते. पारतंत्र्यात पोलीस हा परकीय सत्तेचा हस्तक म्हणून निंदेचा विषय होता आणि स्वातंत्र्यानंतर तो कायदा-सुव्यवस्थेचा रक्षक म्हणून सहानुभूतीचा विषय झाला, असे ते उत्तर आहे. हे उत्तर प्रामुख्याने अग्रलेखांच्या वाचनावर उभे आहे. अग्रलेखात पत्राचे मत असते. परंतु वाचकाच्या मनात पोलिसाची जी प्रतिमा घडते ती रोजच्या बातमीतून घडते, आणि बातमी घडविणारी मुख्य गोष्ट मत ही नसून माहितीचा उगम ही असते. पोलिसांविषयीची हकिकत पत्राच्या कचेरीत कोणी आणून दिली, हा प्रश्न विचारला की या इतिहासाची कालविभागणी निराळी दिसू लागते. एकोणिसाव्या शतकात ही हकिकत बहुधा पोलिसांचा जाच सोसलेल्या माणसाकडून येई. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ती बहुधा पोलीस ठाण्यातून येऊ लागली. म्हणजे बातमीचा विषय असलेला पोलीस हळूहळू बातमीचा निवेदक झाला. या स्थित्यंतराचा आणि ते ज्या प्रसंगी खंडित झाले त्या प्रसंगांचा मागोवा घेणे हा प्रस्तुत निबंधाचा हेतू आहे.

१. कोतवाल, फौजदार, अमीन

पोलिसाची प्रतिमा वृत्तपत्रांनी शून्यातून निर्माण केली नाही. मराठी भाषेकडे तिचा वारसा होता. पेशवाईच्या अखेरच्या काळात पुण्याचा कोतवाल असलेला घाशीराम १७९१ साली जमावाच्या दगडांखाली मारला गेला. त्याच्या कैदेत तेलंगी ब्राह्मण गुदमरून मेल्याचे निमित्त त्यास घडले होते. या घाशीरामावर मोरोबा कान्होबा यांचे पुस्तक १८६३ साली प्रसिद्ध झाले. हिंदुस्थानचा पोलीस कायदा १८६१ सालचा, आणि मुंबई इलाख्याचे जिल्हा पोलीस व ग्राम पोलीस यांविषयीचे कायदे १८६७ सालचे. नव्या पोलीस व्यवस्थेची घडी बसत असतानाच जुन्या कोतवालाची स्मृती छापील गद्यात उतरत होती, ही गोष्ट केवळ योगायोग म्हणून सोडून देता येत नाही. पुढे १९७२ साली विजय तेंडुलकरांनी त्याच नावाचे नाटक लिहिले, तेव्हाही कोतवाल आणि त्याला नेमणारी सत्ता यांचे नाते हाच त्याचा गाभा राहिला.

शब्दांचा वारसाही असाच बोलका आहे. शिपाई, हवालदार, जमादार, फौजदार ही पदनामे लष्करी व मुलकी व्यवस्थेतून आली. ‘पोलीस’ हा शब्द इंग्रजीतून आला आणि इतका रुळला की हिंदीतील ‘आरक्षी’ किंवा ‘आरक्षक’ यांसारखा संस्कृतोद्भव पर्याय मराठीत मूळ धरू शकला नाही. बंगालीत याच पायरीवरचा अधिकारी ‘दारोगा’ होता, तर निजामी राजवटीतील मराठवाड्यात ‘अमीन’. या नावांबरोबर निरनिराळ्या साहित्यपरंपराही उभ्या राहिल्या. बंगालीत गिरीशचंद्र बसू यांनी दारोग्याच्या आठवणी लिहिल्या आणि १८९२ पासून कलकत्त्याच्या गुप्तहेर खात्यातील प्रियनाथ मुखोपाध्याय यांची ‘दारोगार दप्तर’ ही मालिका निघू लागली. तेथे पोलीस एकोणिसाव्या शतकातच मुद्रित गद्यातील निवेदक झाला. मुंबईच्या पोलीस दलाचा प्रमुख म्हणून गाजलेला चार्ल्स फोर्जेट किंवा पुढे पोलीस आयुक्त असलेला एस. एम. एडवर्डस् यांनीही लिहिले, पण ते इंग्रजीत आणि राज्यकर्त्या वाचकासाठी. मराठी मुद्रणात त्या काळी पोलिसाविषयी लिहिणारा बहुतेक वेळा दुसराच कोणी असे.

२. पत्रव्यवहाराचे युग

‘दर्पण’ १८३२ साली निघाले, ‘प्रभाकर’ १८४१ साली, ‘ज्ञानप्रकाश’ १८४९ साली, ‘इंदुप्रकाश’ १८६२ साली. या पत्रांना आजच्या अर्थाने वार्ताहरांचे जाळे नव्हते. मुंबई-पुण्याबाहेरची बातमी येई ती वाचकाच्या पत्रातून. गावचा शिक्षक, वकील, पेन्शनर, व्यापारी हाच बातमीदार. अशा पत्राचा घाट अर्जासारखा होता: स्थळ, प्रसंग, अन्यायाचे वर्णन आणि शेवटी ‘सरकारने इकडे लक्ष द्यावे’ अशी विनंती. पोलीस या पत्रांतून दिसतो तो तक्रारीचा विषय म्हणून. लाच मागणारा, चोरीचा तपास न लावता फिर्यादीलाच त्रास देणारा, कबुलीजबाबासाठी मारहाण करणारा, वरिष्ठांपुढे नम्र आणि रयतेपुढे उद्दाम असा तो आहे. मात्र तक्रारीतच एक विश्वास गृहीत होता: वरचा साहेब न्यायी आहे, त्याला फक्त कळत नाही. अर्जाच्या घाटातच राजनिष्ठा होती, आणि म्हणूनच त्या घाटात पोलिसावर कठोर टीका करणे शक्य होते.

या सामग्रीचा अभ्यास करताना साधनांची एक अडचण ध्यानात घ्यावी लागते. अनेक पत्रांचे अंक आज उपलब्ध नाहीत. त्यांतील मजकूर टिकला आहे तो सरकारसाठी तयार होणाऱ्या देशी वृत्तपत्रांच्या साप्ताहिक इंग्रजी गोषवाऱ्यांत. हे गोषवारे गोपनीय होते आणि राज्यकर्त्यांना काय धोक्याचे वाटेल, या दृष्टीने निवड करून अनुवादिलेले होते. तुलनात्मक साहित्याच्या अभ्यासकाला यातील भेद सहज जाणवेल. अनुवादात आरोप टिकतो, सूर टिकत नाही. शिवराम महादेव परांजपे यांच्या ‘काळ’ पत्राची (१८९८) सारी शक्ती व्याजोक्तीत होती. स्तुतीच्या आवरणाखालील उपहास इंग्रजी गोषवाऱ्यात एक तर सरळ स्तुती होतो किंवा सरळ राजद्रोह. १९०८ साली परांजप्यांवर खटला झाला, तेव्हा न्यायालयापुढचा प्रश्न काही अंशी वाचनपद्धतीचाच होता. म्हणून मराठी पत्रांनी पोलिसांविषयी काय म्हटले, यातील बराच भाग आज ज्या सत्तेचा पोलीस होता तिच्याच भाषेतून ऐकावा लागतो.

या तक्रारींना अखेर सरकारी दुजोरा मिळाला. सर अँड्र्यू फ्रेझर यांच्या अध्यक्षतेखालील १९०२-०३ च्या पोलीस आयोगाने पोलीस दल अकार्यक्षम असून लोक त्याला भ्रष्ट व जुलमी मानतात, असाच निष्कर्ष नोंदविला. देशी पत्रांतील पत्रलेखक अनेक दशके जे सांगत होते, ते या अहवालाने राज्यकर्त्यांच्या तोंडून वदविले.

३. एक शिपाई, तीन दृष्टी

पुण्यातील १८९७ च्या प्लेगने तक्रारीचा हा घाट मोडला. घरझडत्यांसाठी लष्करी शिपाई वापरले गेले. २२ जून १८९७ रोजी रँडवर गोळी झाडली गेली. त्यानंतर शहरावर जादा पोलीस बसवून त्याचा खर्च रहिवाशांच्या माथी मारण्यात आला, नातू बंधूंना चौकशीविना स्थानबद्ध केले गेले आणि टिळकांना ‘केसरी’तील लेखनाबद्दल अठरा महिन्यांची शिक्षा झाली. वरचा साहेब न्यायी आहे हे गृहीतक आता टिकले नाही. १८९९ साली चापेकर प्रकरणी माहिती देणाऱ्या द्रविड बंधूंची हत्या झाली आणि रामा पांडू या एतद्देशीय पोलीस कर्मचाऱ्याला ठार करण्याचाही प्रयत्न झाला. गोरा अधिकारी, देशी शिपाई आणि खबऱ्या अशी त्रयी येथून राष्ट्रवादी लेखनात स्थिर झाली. देशी शिपायाविषयी या लेखनात कीव आणि तिटकारा एकत्र नांदतात. तो आपला आहे, पण पोटासाठी परक्याचा झाला आहे.

परंतु ‘मराठी वृत्तपत्रे’ हा एकसंध आवाज नव्हता. ‘दीनबंधु’ (१८७७) सुरू झाले ते शेतकरी आणि कामकरी यांची बाजू मांडण्यासाठी. सत्यशोधकी दृष्टीने पाहता खेड्यातील रयतेचा जाच एकट्या पोलिसाकडून होत नव्हता. कुलकर्णी, सावकार, कचेरीतील कारकून आणि पोलीस यांची ती साखळी होती. पुण्यातील सुशिक्षित वर्ग ज्या व्यवस्थेला परकीय म्हणत होता, तिच्या खालच्या पायऱ्यांवर स्वदेशी आणि उच्चवर्णीय माणसेच बसलेली होती, ही बाब या दृष्टीतून उघड होते.

डॉ. आंबेडकरांच्या ‘मूकनायक’ (१९२०) आणि ‘बहिष्कृत भारत’ (१९२७) या पत्रांच्या काळात प्रश्नाचे आणखी एक रूप पुढे आले. मार्च १९२७ मध्ये महाड येथे चवदार तळ्याचे पाणी प्राशन केलेल्या अस्पृश्यांवर हल्ले झाले. नागरी हक्क कायद्याने मिळाला तरी तो बजावताना रक्षण कोण करणार, हा प्रश्न तेथे प्रत्यक्ष उभा राहिला. त्याबरोबरच पोलीस दलात अस्पृश्यांची भरती व्हावी, ही मागणीही होती. स्टार्ट समितीने, जिचे आंबेडकर सदस्य होते, १९३० च्या अहवालात या भरतीचा विचार केला. राष्ट्रवादी पत्राला जो गणवेश गुलामगिरीची खूण वाटत होता, तोच गणवेश ज्यांना नाकारला गेला त्यांच्या दृष्टीने नागरिकत्वाची खूण होती. पोलिसांच्या प्रतिमेचा इतिहास लिहिताना या दोन्ही दृष्टी एकाच वेळी समोर ठेवणे आवश्यक आहे. त्यांतील एकीलाच ‘जनमत’ म्हटले, तर निष्कर्ष आरंभीच चुकतो.

४. स्वकीयांचा गोळीबार

स्वातंत्र्यानंतर पहिल्याच वर्षी ‘पोलीस’ या शब्दाला एक अनपेक्षित अर्थ मिळाला. सप्टेंबर १९४८ मध्ये हैदराबाद संस्थानात भारतीय सैन्याने जी मोहीम केली, तिला सरकारने ‘पोलीस कारवाई’ असे नाव दिले. लष्करी आक्रमणाला देशांतर्गत सुव्यवस्थेचे रूप देण्यासाठी ते नाव योजले गेले होते. मराठवाड्याच्या बोलण्यात मात्र ‘पोलीस ॲक्शन’ हा कालगणनेचा टप्पा बनला आणि बहुतांच्या स्मृतीत त्याचा अर्थ मुक्ती असा रुजला. त्यानंतरच्या हिंसेत होरपळलेल्या मुसलमान कुटुंबांसाठी त्याच शब्दाचा अर्थ वेगळा होता, आणि त्या हिंसेची चौकशी करणारा सुंदरलाल समितीचा अहवाल अनेक दशके अप्रकाशित राहिला.

संयुक्त महाराष्ट्राच्या आंदोलनाने सर्वांत मोठा पेच निर्माण केला. २१ नोव्हेंबर १९५५ रोजी फ्लोरा फाउंटन येथे आणि पुढे जानेवारी १९५६ मध्ये मुंबईत पोलिसांनी गोळीबार केला. राज्य स्वतःचे, पोलीस बहुतांशी मराठी आणि मरणारेही मराठी. आचार्य अत्रे यांनी ‘नवयुग’मधून आणि १५ नोव्हेंबर १९५६ पासून दैनिक ‘मराठा’तून जे लेखन केले, त्याचा रोख प्रामुख्याने मुख्यमंत्री मोरारजी देसाई यांच्यावर होता. गोळी झाडणारा शिपाई त्या रोषातून जवळजवळ वगळला गेला. पूर्वी साहेबाला निर्दोष ठरवून शिपायावर ठपका ठेवला जाई. आता ते उलटले. अर्जाच्या घाटाची जागा आंदोलनाच्या घाटाने घेतली. तथापि पोलीस दलाची रचना, हुकमाची साखळी आणि शस्त्र वापरण्याचे नियम हे विषय दोन्ही घाटांत मागेच राहिले.

५. ‘करावा लागला’

या गाजलेल्या प्रसंगांच्या आड एक शांत बदल घडत होता. १९३२ साली ना. भि. परुळेकर यांनी ‘सकाळ’ सुरू केला आणि मताला प्राधान्य देणाऱ्या मराठी पत्रकारितेत बातमीला प्राधान्य मिळू लागले. ‘लोकसत्ता’ (१९४८) आणि ‘महाराष्ट्र टाइम्स’ (१९६२) यांच्यासह दैनिकांचा मोठा व्यवसाय उभा राहिला. रोज ठरावीक वेळेला ठरावीक जागा भरण्यासाठी खात्रीच्या उगमाची गरज असते. महापालिका, मंत्रालय, न्यायालय आणि पोलीस हे असे उगम होत. गुन्हेवृत्ताचे वार्तांकन स्वतंत्र काम बनले. त्या वार्ताहराचा दिवस पोलीस नियंत्रण कक्ष, आयुक्तालय आणि ठाणी यांच्याभोवती फिरू लागला. पुढे जिल्हानिहाय व तालुकानिहाय आवृत्त्यांचा विस्तार झाला, तेव्हा अल्प मानधनावर काम करणाऱ्या स्थानिक वार्ताहराचे ठाण्यावरील अवलंबन वाढलेच. माहिती बंद झाली तर त्याची जागा रिकामी राहणार होती.

या अवलंबनाची खूण मराठीच्या वाक्यरचनेत स्पष्ट दिसते. ‘पोलिसांनी गोळीबार केला’ या वाक्यात कर्ता आहे, कृती आहे आणि म्हणून जबाबदारीही आहे. ‘जमाव पांगविण्यासाठी पोलिसांना गोळीबार करावा लागला’ या वाक्यात पोलीस चतुर्थीत गेले, क्रिया कर्तव्यवाचक झाली आणि ‘लागणे’ या सहायक क्रियापदाने सक्ती परिस्थितीकडे सोपविली. कारण आधी, कृती नंतर. ‘सौम्य लाठीमार’ या शब्दयोजनेतील विशेषण मार देणाऱ्याच्या बाजूने केलेले मोजमाप आहे. ‘ताब्यात घेतले’, ‘पोलिसी खाक्या दाखविताच कबुली दिली’, ‘सराईत गुन्हेगार’ ही सूत्रे अशीच. त्यांपैकी दुसऱ्या सूत्रात मारहाणीची कबुली आहे, पण ती विनोदाच्या सुरात आल्याने वाचकाला खटकत नाही. एकोणिसाव्या शतकातील पत्रलेखकाने जो प्रकार अन्याय म्हणून कळविला असता, तोच येथे तपासातील कौशल्य म्हणून येतो. संपादकीय धोरण बदलल्याशिवाय हे घडले. बातमी देणारा बदलला, तेवढे पुरेसे होते.

‘चकमक’ हा शब्द या प्रक्रियेचे टोक दाखवितो. मूळ अर्थ ठिणगी पाडणारी गारगोटी. त्यावरून दोन सशस्त्र बाजूंमधील झटापट. मुंबईत ११ जानेवारी १९८२ रोजी मन्या सुर्वे पोलिसांच्या गोळ्यांनी मेला आणि पुढील दोन दशकांत अशा मृत्यूंची मालिकाच झाली. ‘चकमकीत ठार’ हे शीर्षक ठरून गेले. शब्दानेच दोन बाजू लढल्याचे सांगून टाकले असल्याने ते सिद्ध करण्याची गरज उरली नाही. काही अधिकाऱ्यांच्या नावामागे ‘चकमकफेम’ हे विशेषण बिरुदासारखे लागू लागले. अन्य काही भाषांतील पत्रांप्रमाणे मराठीतही ‘एन्काउंटर’ हा शब्द आला, पण तो ‘चकमक’ची जागा पूर्णपणे घेऊ शकला नाही. कधीकधी अवतरणचिन्हांत टाकलेली ‘चकमक’ हीच उपसंपादकाला शक्य असलेली एकमेव शंका असे.

६. उगम बदलतो तेव्हा

ही प्रतिमा पुढील दशकांत अनेकदा तडकली. प्रत्येक वेळी माहिती ठाण्याखेरीज अन्य वाटेने आली होती, असे दिसते.

पहिली वाट न्यायालयाची. मार्च १९७२ मध्ये तत्कालीन चंद्रपूर जिल्ह्यातील देसाईगंज पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर बलात्कार झाल्याची फिर्याद होती. सत्र न्यायालयाने दोघा पोलिसांना सोडले, उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने दोषी ठरविले आणि सर्वोच्च न्यायालयाने १९७८ साली पुन्हा मुक्त केले. स्थानिक घटना म्हणून ही बाब विसरली गेली असती. १९७९ साली उपेंद्र बक्षी, वसुधा धागमवार, रघुनाथ केळकर आणि लतिका सरकार या कायद्याच्या अध्यापकांनी सरन्यायाधीशांना लिहिलेल्या खुल्या पत्रामुळे ती देशभर पोहोचली. स्त्री संघटना उभ्या राहिल्या आणि १९८३ साली कायदा बदलला. येथे पुन्हा पत्र हाच साहित्यप्रकार कामी आला, हे लक्षणीय आहे.

दुसरी वाट खुद्द शिपायाची. १८ ऑगस्ट १९८२ रोजी मुंबईच्या पोलीस शिपायांनी बंड केले. सैन्य बोलवावे लागले आणि त्यांच्या संघटनेची मान्यता गेली. गिरणी कामगारांचा संप त्याच वर्षी जानेवारीपासून चालू होता. गणवेशातील माणूसही चाळीत राहणारा, कर्जात बुडालेला, साहेबाच्या घरी राबणारा नोकर आहे, हे वाचकाला दिसले. पुढच्याच वर्षी गोविंद निहलानी यांचा ‘अर्धसत्य’ हा चित्रपट आला. त्याचा आधार श्री. दा. पानवलकर यांची ‘सूर्य’ ही मराठी कथा होती आणि पटकथा तेंडुलकरांची. मराठी कथेने फौजदाराच्या मनातील कोंडी वृत्तपत्राच्या आधी ओळखली होती.

तिसरी वाट आत्मकथनाची. १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा १९५२ साली रद्द झाला, तरी गुन्हेवृत्तात जमातीचे नाव संशयितासारखेच छापले जात राहिले. लक्ष्मण गायकवाड यांचे ‘उचल्या’ १९८७ साली प्रसिद्ध झाले, तेव्हा बातमीतील ‘सराईत गुन्हेगार’ प्रथम पुरुषी बोलू लागला आणि त्याच्या दृष्टीतून पोलीस दिसला. एकाच घटनेची दोन निवेदने, बातमी आणि आत्मकथन, समोरासमोर ठेवून वाचण्याची सोय या वाङ्मयाने अभ्यासकाला करून दिली.

चौथी वाट चौकशी आयोगाची. डिसेंबर १९९२ व जानेवारी १९९३ मधील मुंबईच्या दंगलींची चौकशी करणाऱ्या न्या. श्रीकृष्ण आयोगाने १९९८ साली अहवाल दिला. साक्ष आणि उलटतपासणी यांतून पोलिसांच्या पक्षपाताचे जे चित्र उभे राहिले, ते दंगलीच्या दिवसांतील अनेक बातम्यांत नव्हते. वृत्तपत्रांची भाषा हीही आयोगापुढील सामग्री झाली.

या वाटा बंद असतात तेव्हा काय होते, हे भंडारा जिल्ह्यातील खैरलांजी येथे दिसले. २९ सप्टेंबर २००६ रोजी एका दलित कुटुंबातील चौघांची हत्या झाली. काही आठवडे ही घटना मोठ्या दैनिकांच्या दृष्टीने जिल्हा पातळीवरचे गुन्हेवृत्तच राहिली. आंबेडकरी कार्यकर्त्यांनी गावात जाऊन केलेल्या सत्यशोधनानंतर आणि रस्त्यावरील निदर्शनांनंतरच जातीय अत्याचार म्हणून तिची ओळख पटली आणि पोलिसांच्या हलगर्जीपणाची चर्चा सुरू झाली. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये मुंबईत वर्सोवा येथे झालेली एक ‘चकमक’ मृताच्या भावाने न्यायालयात नेली आणि २०१३ साली सत्र न्यायालयाने त्या प्रकरणात पोलिसांना दोषी ठरविले. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने चकमकींतील मृत्यूंच्या तपासासाठी मार्गदर्शक नियम घालून दिले. शीर्षकातील शब्द तोवर कितीतरी वेळा छापून झाला होता.

समारोप

२६ नोव्हेंबर २००८ च्या मुंबईवरील हल्ल्यात हेमंत करकरे, अशोक कामटे, विजय साळसकर आदी अधिकारी मृत्युमुखी पडले आणि सहायक फौजदार तुकाराम ओंबळे यांनी निःशस्त्र अवस्थेत हल्लेखोराची बंदूक धरून ठेवत प्राण दिले. मराठी वृत्तपत्रांतील पोलिसाला हुतात्म्याचे स्थान मिळाले आणि ते सार्थ होते. तरीही त्या आदरातून ठाण्यातून येणाऱ्या प्रत्येक माहितीला पुरावा मानण्याचे समर्थन निघत नाही. एका सहायक फौजदाराचे शौर्य आणि ‘करावा लागला’ या क्रियारूपातील लपवणूक या दोन्ही गोष्टी एकाच दलाच्या इतिहासात खऱ्या आहेत. मुंबई पोलिसांनी डिसेंबर २०१५ मध्ये ट्विटरवर खाते उघडले, तेव्हापासून तर निवेदकाला वृत्तपत्राची मध्यस्थीही अनिवार्य राहिलेली नाही.

भारतीय भाषांतील वृत्तपत्रांची या विषयावर तुलना करावयाची झाल्यास अग्रलेखांची तुलना अपुरी ठरेल. बातमीतील उगमदर्शक वाक्ये, पदनामे, क्रियापदांची रूपे आणि पत्रव्यवहाराच्या सदराचा ऱ्हास यांची तुलना अधिक फलदायी होईल. तेलुगू आणि बंगाली पत्रांत ‘करावा लागला’ या रचनेचे काम कोणते रूप करते, तेथे पोलीस निवेदक केव्हा झाला आणि त्याचे निवेदन कोणी तोडले, या प्रश्नांची उत्तरे मिळाल्यावाचून मराठीतील हा अनुभव किती वेगळा आणि किती सामायिक, हे सांगता येणार नाही. एवढे मात्र मराठीच्या साक्षीवरून निश्चित म्हणता येते की, ठाण्याबाहेरून आलेले पत्र छापण्याची जागा जेव्हा जेव्हा आकसली, तेव्हा तेव्हा कोठडीत काय घडले हे कळण्यासाठी वाचकाला न्यायालयाच्या निकालाची वर्षानुवर्षे वाट पाहावी लागली.